रायग्रासच्या कुरणात शेटलंड पोनी : विजेच्या सुट्या कुंपणाविषयी

इंग्लंडमधील सॉमरसेट हा दुभत्या गाईंचा मुलूख असल्याने इथली बरीच कुरणे भरघोस दूध देणाऱ्या गाईंना पुरेल अशा रायग्रास या रसाळ गवताची असतात. शेटलंड पोनी मात्र स्कॉटलंडच्या उत्तरेकडील उघड्या, वादळी बेटांवर, तुटपुंज्या चाऱ्यावर घडलेली ठेंगण्या घोड्यांची जात आहे. तिची उंची फार तर 107 सेंटिमीटर. अशा जनावराला साखरेने भरलेले गवत दिवसभर मोकळे मिळाले की रक्तातील इन्सुलिन वाढते आणि लॅमिनायटिस जडण्याचा धोका निर्माण होतो. या आजारात खुराच्या आतील हाडाला खुराच्या भिंतीशी धरून ठेवणारे पापुद्रे निकामी होत जातात आणि वेदनेमुळे जनावराला पाऊल टाकणेही असह्य होते. आमच्या घोडीच्या मानेवर चरबी साठू लागलेली पाहून पशुवैद्यांनी तिची चराई आवरायला सांगितले, म्हणून मी बॅटरीवर चालणाऱ्या विजेच्या कुंपणाचा संच घेतला.

संचात झटका देणारे यंत्र, प्लास्टिकचे खांब, धातूच्या बारीक तारा विणलेली पांढरी पट्टी, ती गुंडाळण्याचे रीळ आणि अर्थिंगची सळई एवढेच असते. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी महाराष्ट्रातील शेतकरी जे झटका मशीन लावतात, त्याच तत्त्वावर हे यंत्र चालते. या कुंपणाने मी कुरणाच्या कडेने साधारण 4 मीटर रुंदीची वाट आखली आणि मधले गवत बंद केले. जेमी जॅक्सन या अमेरिकी नालबंदाने नेवाडाच्या परिसरातील मोकाट मस्टँग घोड्यांचे कळप पाहून ही पद्धत मांडली. ते घोडे ठरावीक वाटांनी सतत चालत राहतात आणि चालता चालता थोडेथोडे खातात.

मला हा उपाय इतर उपायांपेक्षा उजवा वाटतो, त्याचे कारण घोड्याच्या स्वभावात आहे. रोज थोडेच तास कुरणात सोडले तर पोनी तेवढ्या वेळात झपाट्याने खायला शिकतात. लहान वाड्यात कोंडले तर हालचाल थांबते, आणि हालचालीवाचून इन्सुलिन आटोक्यात राहणे कठीण. मुसके उपयोगी आहे, पण ते चोवीस तास बांधून ठेवता येत नाही. वाटेवर मात्र घोडी पाण्यासाठी एका टोकाला आणि सुक्या गवतासाठी दुसऱ्या टोकाला स्वतःहून फिरत राहते. वसंतात तिच्या मानेवरची चरबी इतकी ताठ होती की दोन्ही हातांनी ढकलली तरी हलत नसे. शरद ऋतूपर्यंत ती बोटांनी सहज इकडेतिकडे वळू लागली.

संचातील उणिवाही ठळक आहेत. खांब मोठ्या घोड्यांचा विचार करून बनवलेले आहेत. शेटलंडसाठी पट्टीची एक ओळ गुडघ्याच्या उंचीवर हवी, नाहीतर घोडी मान घालून खालून सरकते, आणि तिची दाट आयाळ झटका पोहोचू देत नाही. खालची पट्टी गवताला टेकली की वीज जमिनीत झिरपते आणि बॅटरी लवकर उतरते, त्यामुळे पट्टीखालचे गवत वरचेवर कापावे लागते. कोरड्या उन्हाळ्यात अर्थिंग कमकुवत होते. सळईच्या बुंध्याशी पाणी ओतल्यावर फरक लगेच जाणवतो. कोपऱ्यांवर प्लास्टिकचे खांब ताण सोसत नाहीत, तिथे लाकडाचेच रोवावेत. पावसाळी हिवाळ्यात वाटेचा चिखल होतो, म्हणून फाटकापाशी आणि पाण्यापाशी खडी टाकणे आवश्यक आहे.

कुंपणामुळे गवत कमी होते, पण त्यातली साखर कमी होत नाही, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. उन्हाच्या दिवशी दुपारी उशिरा ती वाढलेली असते. रात्री तापमान 5 अंशांखाली गेले की गवताची वाढ थांबते, पण दिवसा ऊन पडले तर साखर बनतच राहते आणि पात्यांत साठते. त्यामुळे दव गोठलेल्या लख्ख सकाळी मी घोडीला वाटेच्या गवत संपलेल्या भागातच अडवून ठेवते आणि तिच्यापुढे भिजवून निथळलेले सुके गवत टाकते. उपाशी मात्र ठेवू नये. पोनींच्या बाबतीत उपासमारीने रक्तात चरबी उतरून जिवावर बेतू शकते. खूर तापलेले वाटले, खुरामागच्या धमनीचा ठोका जोरात लागला किंवा घोडी भार मागच्या पायांवर टाकून उभी राहू लागली, तर कुंपणाचा विचार बाजूला ठेवून तिला गवतावरून काढावे आणि त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलवावे.

एक-दोन पोनी आणि स्वतःचे कुरण असणाऱ्यांनी हा संच अवश्य घ्यावा, पण सोबत जादा खांब आणि व्होल्टेज तपासण्याचे यंत्र घ्यावे. भाड्याच्या कुरणात मधले गवत कोण कापणार, हे मालकाशी आधीच ठरवून घ्यावे. आमच्याकडे शेजारचा शेतकरी उन्हाळ्यात ते कापून वाळवून नेतो.