'ग्लूटेन फ्री' ज्वारीचं पीठ : नागपुरातल्या सीलिॲक घरांची फसवणूक कशी होते

इतवारीपासून गोकुळपेठेपर्यंत ज्वारी, नाचणी, बेसनाची लहान पाकिटं मिळतात. समोर गव्हाच्या ओंबीवर काट मारलेलं चित्र, खाली ठळक 'ग्लूटेन फ्री' (म्हणजे गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन यात नाही) आणि भाव साध्या पिठापेक्षा कितीतरी जास्त. मुलाला सीलिॲक, म्हणजे ग्लूटेननं आतड्याला इजा होणारा आजार, निघाला की घरचे हीच पाकिटं आणतात, गहू कडकडीत बंद करतात. पण काही महिन्यांनी रक्तातला टीटीजी (ग्लूटेन पोटात जात राहिलं की चढा राहणारा प्रतिपिंडांचा आकडा) तपासला तर आकडा हवा तसा उतरलेला नसतो. मग मूल शाळेत चोरून काही खातं का, अशी चौकशी सुरू होते. पिठावर संशय जातो तो सगळ्यात शेवटी, आणि तोवर पाकीट कधीच कचऱ्यात गेलेलं असतं. ही फसवणूक एवढी चालते ती याच उशिरामुळे.

पाकीट भरणारा बहुतेक वेळा स्वतः काही पिकवत नाही की दळत नाही. मोकळी ज्वारी घ्यायची, दिवसभर गहू दळणाऱ्या चक्कीवर दळून आणायची, अर्ध्या किलोच्या पिशव्या सील करायच्या आणि वर स्टिकर लावायचं. घटकांच्या यादीत फक्त 'ज्वारी' असते आणि ती खोटी नसते. खोटा असतो तो समोरचा दावा.

भारतात 'ग्लूटेन फ्री' लिहायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा आणि त्याचा सुमारे दहावा भाग ग्लूटेन. म्हणजे किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच दाणे आले की मर्यादा गाठली! एवढे दाणे मळणी यंत्रातून किंवा गव्हाच्या जुन्या बारदान्यातूनही येतात. चक्कीच्या दगडांत, वरच्या पेटीत आणि पीठ पडतं त्या कापडी नळीत अडकलेलं गव्हाचं पीठ वेगळंच. किलोमागे ते नुसतं एक ग्रॅम मिसळलं तरी ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लूटेन होतं. तीन भाकरींना दीडशे ग्रॅम पीठ धरा. मुलाच्या पोटात १२ ते १५ मिलिग्रॅम गेलं, आणि बहुतेक सीलिॲक रुग्णांसाठी दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहणं सुरक्षित मानतात. "आधी दोन किलो ज्वारी फिरवून चक्की साफ केली" हे उत्तर ऐकून घेऊ नका. त्यानं गहू कमी होतो, किती उरला ते कोणालाच सांगता येत नाही.

मागच्या बाजूला 'गव्हाचा अंश असू शकतो' असं लिहिलेलं नसलं, तरी तो माल स्वच्छ ठरत नाही. गहू चुकून मिसळल्याची ही सूचना आपल्याकडे उत्पादकाच्या मर्जीवर आहे. उलट जो ती लिहितो त्यानं निदान विचार तरी केलेला असतो.

हिंगाची गोष्ट निराळी. बांधानी हिंगात, म्हणजे पीठ मिसळून तयार केलेल्या रोजच्या हिंगात, मैदा किंवा गव्हाचं पीठ बहुतेक वेळा मुद्दाम घातलेलं असतं. त्यामुळे पातळ पोह्यांचा चिवडा, शेव, लोणचं, तयार मसाला यांच्या यादीत नुसतं 'हिंग' दिसलं तर कोणतं ते विचारा. तांदळाच्या पिठातलं हिंग मिळतं, ते घरी ठेवा. समोसे-कचोरीच्या तेलात तळलेली बेसनाची शेवही सोडूनच द्या.

दुकानदाराला विचारलं की मोबाइलवर प्रयोगशाळेचा अहवाल दाखवतात. इथे घाई करू नका. अहवालावरचा बॅच नंबर आणि हातातल्या पाकिटावरचा नंबर एकच आहे का ते पाहा. तपासणी एलायझा (प्रतिपिंड वापरून ग्लूटेन मोजणाऱ्या) पद्धतीनं झालेली हवी. त्यात आर-५ या प्रतिपिंडाचं नाव दिसलं तर चांगलं. निकाल मिलिग्रॅम प्रति किलो असा आकड्यात हवा. 'नमुना ग्राहकाने दिला' अशी ओळ असेल तर लॅबनं फक्त आणून दिलेली पुडी तपासली, कारखान्यातला माल पाहिला नाही. आयोडीनचा थेंब टाकून कोणी खात्री पटवत असेल तर तिथून निघा. आयोडीन स्टार्च दाखवतं, ते ज्वारीतही असतं.

पाकिटावरचा १४ आकडी परवाना क्रमांक अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवर टाका. पत्ता, परवाना चालू आहे का आणि व्यवसाय उत्पादनाचा की फक्त पुनर्भरणाचा (दुसऱ्याचा माल पाकिटात भरण्याचा), ते कळतं. पुनर्भरणवाला निघाला तर दळण कुठे होतं ते लेखी मागा.

सगळ्यात भरवशाचा मार्ग घरचाच. अख्खी ज्वारी ताटात पसरून निवडायची, धुवायची, कडक वाळवायची आणि जिच्यात गहू कधीच पडला नाही अशा घरघंटीत दळायची. गहू दळलेली जुनी घरघंटी या कामाला घेऊ नका.

पाकीट विकत घेतच असाल तर बिल, रिकामी पिशवी आणि त्याच बॅचचं एक न फोडलेलं पाकीट टीटीजीचा पुढचा अहवाल येईपर्यंत जपून ठेवा. तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे साधा ग्राहकही फी भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेऊ शकतो. माल नियमाबाहेर निघाला तर फी परत मिळते. अट एवढीच, की तपासणी करणार असल्याचं विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं.