पेठेतल्या मामांची फक्की, एक नंबर काम

कोल्हापुरात फुटबॉलचं मैदान आखणारे बक्कळ, पण आमच्या पोरांना अमेरिकन फुटबॉलचं आखून दिलं ते पेठेतल्या मामांनी. नकाशा बघून पहिला प्रश्न, "मधल्या ह्या बारक्या रेघा कशाला रं?" ते हॅश मार्क, यार्डायार्डाला एक. चेंडू त्यांच्या बाहेरच्या अंगाला थांबला, तर पुढचा डाव जवळच्या हॅशवरून सुरू होतो. हे कळल्यावर मामांनी दोरी ताणून एकेक रेघ नीट मारली. दोन गोल लाइनींमधले 100 यार्ड, दर 5 यार्डांना आडवी रेघ, टोकांचे 10-10 यार्डांचे एंड झोन, सगळं मापात. मैदानावर लिहिलेले यार्डांचे आकडे 50 पर्यंत चढून परत उतरतात, ते मात्र जरा बारीक झालेत. मामा, पुढच्या वेळी मोठे काढा. दर वाजवी. बिनधास्त बोलवा.