खालून येणारी थंडी: सहा महिने स्लीपिंग पॅड वापरल्यावर

स्लीपिंग बॅगला साडेपाच हजार मोजले आणि खाली अंथरायला आठशे रुपयांची फुगवायची गादी घेतली. हिशोब उलटा झाला होता, हे कळायला डिसेंबरातली एक रात्र पुरली.

मुक्काम होता जानापावला, चंबळ जिथून निघते त्या टेकडीच्या पायथ्याशी, एका शेतात. आम्हा इंदूरकरांना जवळची जागा, म्हणून नव्या सामानाची चाचणी तिथेच. तंबूत नऊ अंश. बॅगेवर ‘पाच अंशांपर्यंत’ असं छापलेलं. तरी पहाटे दोनला खुबा आणि खांदा इतके गार पडले की ओल्या फरशीवर निजल्यासारखं वाटलं. वर घाम, खाली हीव.

कारण साधं आहे. बॅगेचं भरण अंगाखाली दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि हवेबरोबर ऊबही. मग सगळी भिस्त खालच्या गादीवर. माझ्या गादीत नुसती हवा होती, आत अस्तर नाही. कूस बदलली की ती हवा ढवळायची आणि अंगातली ऊब जमिनीला नेऊन द्यायची.

मग आर-व्हॅल्यूचा अभ्यास केला. गादी उष्णता किती अडवते त्याचा हा आकडा. पूर्वी कंपन्या तो आपापल्या पद्धतीने मोजायच्या; २०१८ मध्ये एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ३३४० हे मोजणीचं सामाईक मानक आलं, तेव्हापासून तुलना करता येते. माझ्या गादीच्या खोक्यावर आकडाच नव्हता. तेव्हाच समजायला हवं होतं. मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे एकावर एक दोन गाद्या टाकल्या की आकड्यांची बेरीज होते. म्हणून जुनी न टाकता घडीची फोम मॅट आणली, अंड्यांच्या ट्रेसारखे खड्डे असलेली, आर दोन.

जानेवारीत पचमढी. ओळखीच्यांच्या आवारात तंबू, चार अंश, गवतावर दव. खाली फोम, वर गादी. सकाळी चहासाठी हाका मारून उठवावं लागलं मला! दुसऱ्या रात्री मुद्दाम नुसत्या फोमवर झोपले. थंडी सोसण्याइतकी होती, पण मी कुशीवर झोपणारी. सकाळी खुबा ठणकत होता. पाठीवर झोपणाऱ्यांना कदाचित चालेल.

एक गंमत सांगते. संध्याकाळी टच्च फुगवलेली गादी मध्यरात्री मऊ पडायची. मी पंक्चर समजून वैतागले. पण हवा थंड झाली की आकसते, एवढंच ते. झोपण्यापूर्वी दोन फुंकरा जास्त मारल्या की झालं.

खरं पंक्चर फेब्रुवारीत, चोरलजवळ. बाभळीचा काटा, फोम अंथरायचा आळस केला म्हणून. घरी न्हाणीघरात गादी फुगवून साबणाचा फेस चोपडला, कान लावून बसले. शिवणीपासून चार बोटांवर मोहरीएवढा बुडबुडा फुगत होता, फुटत होता, परत फुगत होता. सायकलवाल्याचं सोल्युशन त्या कापडावर टिकलंच नाही, रात्रीत ठिगळ सुटून आलं. शेवटी गादीबरोबर आलेलं ठिगळच स्पिरिटने पुसून लावलं, वर रात्रभर वरवंटा ठेवला. आजतागायत पक्कं आहे. विक्रेत्याने मात्र काट्याचं पंक्चर वॉरंटीत बसत नाही म्हणून हात झटकले.

कुरकुर आणखी एक: कूस बदलली की गादी चिप्सच्या पाकिटासारखी कुरकुरते. शेजारच्या तंबूतूनही शेरे ऐकलेत.

आत्याला हे सगळं दाखवलं तर म्हणाली, “अगं, आम्ही लग्नघरी मांडवात निजायचो तेव्हा खाली गव्हाचं काड पसरायचो, वर घोंगडी. सहा हजार कसले घालवलेस?” काडातही हवा अडकूनच राहते, तेव्हा आत्याचं बरोबरच होतं, फक्त काड पाठीवर घेऊन डोंगर चढता येत नाही.

एकच घ्यायची असेल तर आपल्या माळव्याच्या हिवाळ्याला फोम घ्या. फुटत नाही, फुगवावी लागत नाही. खुबा दुखतो त्यांनी अस्तर असलेली, तीनच्या वर आर लिहिलेली गादी बघावी.

सध्या फोम गच्चीवर असतो. एप्रिलात दिवसभर तापलेलं सिमेंट रात्री अकरापर्यंत पाठ भाजतं. ती धगही तो खालच्या खालीच अडवतो.