लॅपटॉपला मोबाईलचं नेट: हॉटस्पॉट नको, सरळ वायर लावा

गावात राहून लॅपटॉपवर काम करायचं म्हटलं की पहिला प्रश्न नेटचा. आमच्या वाडीत, म्हणजे कुडाळपासून बरंच आत, खांबाखांबावरून फायबर आलंय, नाही असं नाही, पण पावसाळ्यात एखादी झावळ पडली की वायर तुटते आणि जोडायला माणूस कधी येईल ते त्यालाच माहीत. आणि वायर शाबूत असली तरी लाईट गेली की राउटर बंद. म्हणून माझं रोजचं काम मोबाईलच्या नेटवर चालतं. काम अकाउंट्सचं, दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरते, म्हणजे महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि २० तारखेला ३बी (कर भरायचा रिटर्न), या दोन तारखांना नेट गेलेलं परवडतच नाही. तर हा रिव्ह्यू त्याचाच, स्मार्टफोन लॅपटॉपला मोडेम म्हणून कसा चालतो त्याचा.

फोनचं नेट लॅपटॉपला द्यायचे तीन मार्ग आहेत, वायफाय हॉटस्पॉट, ब्लूटूथ आणि यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट वायरीतून लॅपटॉपला देणं. शंभरातले नव्वद लोक हॉटस्पॉट लावतात कारण ते बटण वरूनच खाली ओढलं की समोर दिसतं. यूएसबीचं बटण सेटिंग्जमध्ये आत दडलंय, त्यामुळे कुणी तिकडे जातच नाही, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की जा. टेबलावर बसून रोज काम करायचं असेल तर यूएसबी टेदरिंगसारखं दुसरं काही नाही. मी यूएसबीला पाचपैकी साडेचार देईन, हॉटस्पॉटला तीन आणि ब्लूटूथला दीड.

तसं हे नवीन काहीच नाही. अँड्रॉइडमध्ये २०१० साली २.२ व्हर्जन आलं तेव्हापासून यूएसबी टेदरिंग आणि हॉटस्पॉट दोन्ही आहेत. त्याच्याही आधी नोकियाला डेटा केबल लावून पीसी स्यूट या नोकियाच्या सॉफ्टवेअरमधून जीपीआरएस (तेव्हाचं मोबाईल नेट) जोडायचे, *९९# डायल व्हायचं, नाहीतर रिलायन्सच्या सीडीएमए फोनवरून #७७७ डायल करायचं आणि कागदावर १४४ केबीपीएस मिळायचे. म्हणजे फोनला वायर लावून नेट चालवणं हीच मूळ पद्धत, हॉटस्पॉट नंतरचा.

आता हॉटस्पॉटला तीनच का ते सांगते. फोन एकाच वेळी टॉवरशी बोलतो आणि दुसरीकडे वायफाय सोडत बसतो, बॅटरी धडाधड उतरते, उन्हाळ्यात तर फोन हातात धरवत नाही इतका तापतो, आणि तापला की स्वतःच स्पीड कमी करतो. त्यात तो २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर शेजारचे राउटर, ब्लूटूथचा माऊस, मायक्रोवेव्ह सगळे त्याच पट्ट्यात गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झ निवडलं तर वेग चांगला मिळतो पण भिंतीपलीकडे गेलात की संपलं. आणि सगळ्यात वैताग म्हणजे थोडा वेळ लॅपटॉप झोपला की फोन हॉटस्पॉट आपणहून बंद करून टाकतो, मग परत चालू करा, परत कनेक्ट करा (सेटिंग्जमध्ये ते आपोआप बंद होणं थांबवता येतं, ते आधी करून टाका). ब्लूटूथवर एक-दोन एमबीपीएसच्या पुढे काही मिळत नाही, मेल बघण्यापुरतं ठीक, बॅटरी मात्र कमी खातं एवढाच त्याचा गुण.

यूएसबीचं कसं, फोन लॅपटॉपला लावायचा, सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात हॉटस्पॉट अँड टेदरिंग, तिथे यूएसबी टेदरिंग चालू. बस. विंडोज आपणहून ओळखतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, खाली कोपऱ्यात वायफायच्या जागी लॅनचं चिन्ह येतं आणि नेट चालू. पासवर्ड नाही, शेजारच्या पोराने घुसायचा प्रश्न नाही. लिनक्सवर पण असंच चालतं. पिंग, म्हणजे समोरून उत्तर यायला लागणारा वेळ, एकदम स्थिर राहतो, हॉटस्पॉटवर मधेच जे अडकल्यासारखं होतं ते होत नाही, जीएसटी पोर्टलवर हा फरक लगेच जाणवतो कारण ते पोर्टल मुळातच नाजूक, मधे नेट हललं की सेशन संपलं म्हणून बाहेर काढतं.

दर वेळी बटण दाबायचा कंटाळा असेल तर डेव्हलपर ऑप्शन्स उघडा (अबाऊट फोनमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की उघडतं), त्यात डिफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन म्हणून आहे, तिथे यूएसबी टेदरिंग निवडा. मग फोन अनलॉक करून वायर लावली की आपोआप नेट सुरू. बऱ्याच फोनवर चालतं हे.

केबलबद्दल नीट ऐका, कारण इथेच अर्धे लोक अडतात आणि फोनलाच नावं ठेवतात. यूएसबी टेदरिंगचं बटण करडं दिसतंय, दाबलंच जात नाही, असं झालं तर बहुतेक वेळा वायर चार्जिंगपुरती असते. स्वस्तातल्या पॉवर बँकेबरोबर, ट्रिमरबरोबर येणाऱ्या वायरीत आत करंटच्या दोनच तारा असतात, डेटाच्या तारा नसतातच. फोन चार्ज होताना दिसतो म्हणून आपल्याला वाटतं वायर चांगली आहे. फोनच्या बॉक्समध्ये आलेली वायर लावून बघा, नाहीतर दुकानात डेटा केबल द्या असं स्पष्ट सांगून घ्या. जरा लांब घ्या, दोन मीटरची.

लांब कशाला, तर वायरचा खरा फायदा तिथेच आहे. आमचं घर जुनं, जांभ्याच्या भिंती हातभर जाड, माजघरात सिग्नलची एक काडी दिसली तरी नशीब. पण खिडकीत पूर्ण असतं. तर मी फोन खिडकीत ठेवते, गजाला टेकवून, स्क्रीन आतल्या बाजूला, पाऊस आला तर वरून जुनी प्लास्टिकची बरणी उपडी घालते, आणि वायर आत टेबलापर्यंत. टेबलावर ठेवलेल्या फोनला जिथे तीन-चार एमबीपीएस मिळतात तिथे खिडकीत ठेवला की वीस-पंचवीसपर्यंत जातं. हॉटस्पॉटवर पण फोन खिडकीत ठेवता येतो हे खरं, पण मग त्याचं वायफाय भिंत ओलांडून आत येताना मार खातं आणि फोनची बॅटरी तिकडे संपत राहते ते वेगळंच. वायरीवर फोन लॅपटॉपवरूनच चार्ज होत राहतो. लाईट गेली असेल तर मात्र लॅपटॉपची बॅटरी फोनलाही पोसते, तेवढं ध्यानात ठेवा, लॅपटॉप थोडा लवकर उतरतो.

सिग्नलवरून आठवलं, कमी फ्रिक्वेन्सी भिंतीतून जास्त शिरते. ८५० मेगाहर्ट्झचं ४जी घरात येतं, २३०० चं अडखळतं आणि ५जीचा जो मुख्य पट्टा आहे ३३०० च्या वरचा तो तर जाड भिंतीला बाहेरूनच नमस्कार करतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ५जी सुरू झालं त्यानंतर आमच्या बाजारपेठेत आलं, वाडीत कधी दिसतं कधी जातं, आणि फोन सारखा ४जी-५जी-४जी करत बसला की दर उडीला नेट क्षणभर थांबतं. अशा ठिकाणी प्रेफर्ड नेटवर्कमध्ये सरळ ४जी लावून टाका, आकडा कमी दिसेल पण काम सलग होईल. शहरात टॉवरजवळ राहत असाल तर ५जीच ठेवा, तिथे मजाच आहे.

दोन सिमवाल्यांनी एक बघायचं. ज्या सिमचं नेट चालू आहे त्याच सिमवर फोन आला तर व्होल्टीईवर (४जीवरूनच जाणारा कॉल) नेट चालूच राहतं. पण नेट एका सिमचं आणि कॉल दुसऱ्या सिमवर आला तर पुष्कळ फोनमध्ये बोलणं संपेपर्यंत नेट थांबतं. २० तारखेला दुकानदारांचे फोन चालू असतात, "ताई, माझा झाला का रिटर्न?", आणि नेमका त्याचाच रिटर्न अर्ध्यावर. मी धंद्याचा नंबर आणि नेट एकाच सिमवर घेतलं आणि ही कटकट संपली. ओटीपी पण त्याच फोनवर येतो, फक्त फोन खिडकीत असतो म्हणून उठावं लागतं.

आता डेटा. रोजचा १.५ जीबी किंवा २ जीबीचा प्लॅन असतो, आणि तो संपला की स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे बंदच समजा. लॅपटॉपला हे माहीत नसतं. लॅनची वायर लागली म्हणजे ब्रॉडबँड असं धरून विंडोज अपडेट ओढायला लागतं, वनड्राइव्ह फोटो चढवायला लागतो, आणि दुपारपर्यंत दिवसाचा कोटा खलास. म्हणून पहिल्या दिवशीच विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट, आणि तिथे मीटर्ड कनेक्शन चालू करा, म्हणजे नेट मोजकं आहे हे विंडोजला कळतं. हे केल्याशिवाय यूएसबी टेदरिंग वापरूच नका असं मी सगळ्यांना सांगते. काही फोन दर वेळी नवीन नेटवर्क म्हणून जोडले जातात, मग ते सेटिंग परत उडतं, तेव्हा अधूनमधून बघत जा. माझा अर्धा स्टार तिथेच कापलाय.

काम किती डेटा खातं म्हणाल तर पोर्टल, टॅली, मेल, एक्सेल यात फार काही जात नाही. खातो तो व्हिडिओ. झूमवर दोघांचा ७२०पी कॉल धरला तर यायला १.२ आणि जायला १.२ एमबीपीएस लागतात, म्हणजे तासाला १ जीबीच्या वर. कॅमेरा बंद करून नुसतं बोललात तर ६० ते ८० केबीपीएसमध्ये भागतं, दिवसभर मीटिंग घ्या. अनलिमिटेड ५जी पाहिजे तर २०२४ च्या जुलैमध्ये दर वाढले तेव्हा मोठ्या कंपन्यांनी ते रोजच्या २ जीबीच्या आणि वरच्या प्लॅनवर नेलं, म्हणून प्लॅन घेताना त्यात ते आहे का ते बघून घ्या.

अजून एक उपयोग जो फार कुणाला माहीत नसतो. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल आणि यूएसबी टेदरिंग चालू केलं तर तेच वायफाय वायरीतून कॉम्प्युटरला मिळतं, मोबाईल डेटा जात नाही. मामेभावाच्या डेस्कटॉपला वायफायच नव्हतं, तो बाजारातून डोंगल आणायला निघाला होता, मी त्याचाच जुना फोन मागे लावून दिला, अजून तसाच चालतोय. नवीन विंडोज टाकल्यावर वायफायचा ड्रायव्हर नसतो आणि ड्रायव्हर उतरवायला नेट नसतं, तेव्हा पण हाच उपाय.

आयफोनवाल्यांना हे सगळं पर्सनल हॉटस्पॉटमध्येच मिळतं, वायर लावली की मॅकवर थेट चालतं, विंडोजवर आधी आयट्यून्स किंवा ॲपल डिव्हाइसेस टाकावं लागतं. उलटं, म्हणजे अँड्रॉइड फोन आणि मॅक, हे मात्र जुळत नाही नीट, कारण बरेच अँड्रॉइड फोन ज्या पद्धतीने यूएसबीवर नेट देतात ती मॅकला मुळातून येत नाही. नवीन काही फोन दुसऱ्या पद्धतीने देतात ते चालतात, बाकीच्यांनी मॅकवर हॉटस्पॉटच लावावा. आणि घरात चार माणसं, टीव्हीवर पिक्चर, पोरांचे क्लास असं असेल तर मोबाईलवर भागणार नाही, तिथे ब्रॉडबँडच घ्या आणि लाईट गेल्यावरसाठी ही वायर टेबलाच्या खणात ठेवा.