ट्युनिक : पानापानाने सापडणारे मॅन्युअल

‘ट्युनिक’ हा गेम सुरू होतो तेव्हा एक लहानसा कोल्हा समुद्रकिनाऱ्यावर जागा होतो आणि त्यानंतर खेळणाऱ्याला कोणीही काहीही सांगत नाही. कुठे जायचे, कोणत्या बटणाने काय होते, हातात शस्त्र केव्हा येणार, यांपैकी एकही सूचना पडद्यावर उमटत नाही. वाटेत फलक लागतात, पण त्यांवरची लिपी अनोळखी आहे. माझी अकरा वर्षांची मुलगी शेजारी बसली होती. तिने कोल्ह्याला तीन-चार फलकांसमोर नेऊन उभे केले आणि विचारले, “बाबा, भाषा निवडायची राहिली का?” भाषा निवडून झाली होती. काही वेळाने हवेत तरंगणारा एक चमकता कागद दिसला आणि तो उचलताच पडद्यावर एका छापील पुस्तिकेचे पान उघडले. ते पान याच गेमच्या मॅन्युअलचे होते. पूर्वी डब्यात मिळणारी माहितीपुस्तिका इथे पाने सुटून साऱ्या प्रदेशात विखुरलेली आहे आणि ती गोळा करत जाणे हाच या खेळाचा गाभा आहे.

कॅनडातील अँड्र्यू शोल्डिस यांनी काही मोजक्या सहकाऱ्यांच्या मदतीने, अनेक वर्षे खपून हा गेम तयार केला. मार्च २०२२ मध्ये तो संगणक आणि एक्सबॉक्स या गेम खेळण्याच्या यंत्रासाठी आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्लेस्टेशन व स्विच या यंत्रांवर आला. आम्ही तो प्लेस्टेशन ५ वर, मे महिन्याच्या सुट्टीत खेळलो. नागपुरात त्या दिवसांत पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात असतो आणि दुपारी मुलांना बाहेर सोडता येत नाही, त्यामुळे कूलर लावून, पडदे ओढून रोज दोन तास आम्ही त्या कोल्ह्याबरोबर काढले. महिनाभरात गेम संपला, आणि इतक्या वर्षांत मुलीबरोबर खेळलेल्या कोणत्याही गेमपेक्षा मला तो अधिक आवडला.

सापडलेले पान पूर्ण वाचता येत नाही. बहुतेक मजकूर त्याच अनोळखी लिपीत आहे, मधूनच एखादा इंग्रजी शब्द येतो, आणि बाकीचे चित्रांवरून, बाणांवरून आणि नकाशांवरून जुळवावे लागते. पानांवर आधीच्या कोणा मालकाने पेनाने केलेल्या खुणा आणि टिपा आहेत. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेल्या क्रमिक पुस्तकात आधीच्या विद्यार्थ्याने अधोरेखित केलेल्या ओळी आपण जशा विश्वासाने वाचत असू, तशाच विश्वासाने आम्ही त्या खुणा वाचू लागलो. त्या बहुतेक वेळा उपयोगीही पडल्या.

पहिल्या दोन दिवसांत आमच्या पिशवीत काही वस्तू जमल्या होत्या, ज्यांचे काय करायचे ते कळत नव्हते. मग एक पान सापडले आणि त्यातल्या चित्रावरून उमगले की, जिथे थांबून आपण खेळ जतन करतो त्या पुतळ्यापुढे ती वस्तू आणि काही नाणी अर्पण केली की कोल्ह्याचे बळ वाढते. तो पुतळा पहिल्या तासापासून आमच्यासमोर होता. आम्ही त्याच्यापाशी कितीतरी वेळा जाऊन आलो होतो आणि समोरच्या शत्रूंकडून विनाकारण मार खात होतो. असे पुढे पुन्हा पुन्हा घडते. इतर गेममध्ये बंद दार उघडायला किल्ली मिळवावी लागते, इथे मात्र दार आधीपासून उघडण्याजोगे असते आणि कमी असते ती फक्त माहिती. मॅन्युअलचे एक पान माणसाच्या हाती किती सामर्थ्य देऊ शकते, हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारी दुसरी रचना माझ्या पाहण्यात नाही.

हा परिच्छेद लिपीविषयी आहे. ज्यांना ती स्वतः उलगडायची आहे त्यांनी तो वगळावा. ही लिपी नुसती नक्षी नाही, ती उच्चारांची लिपी आहे. आतल्या रेषा व्यंजन दाखवतात, बाहेरची चौकट स्वर दाखवते, आणि दोन्ही मिळून एक अक्षर होते. एका शब्दातील अक्षरे मधून जाणाऱ्या आडव्या रेषेने जोडलेली असतात. म्हणजे व्यंजनाला मात्रा लावण्याची आणि शब्दावर रेघ ओढण्याची जी सवय आपल्याला पहिलीपासून आहे, तीच इथे कामी येते. मुलीने वहीत उभ्या ओळीत व्यंजने आणि आडव्या ओळीत स्वर मांडून त्या लिपीची बाराखडी करायला घेतली, तेव्हा तिला हे कोणी सुचवले नव्हते. मिळणारे शब्द इंग्रजी असतात, पण ते स्पेलिंगप्रमाणे न लिहिता कानाला ऐकू येतात तसे लिहिलेले आहेत. स्पेलिंगच्या धाकात वाढणाऱ्या मुलांना यात केवढा आनंद आहे, हे सांगायला नको. गेम पूर्ण करण्यासाठी लिपी येणे आवश्यक नाही. तरी आम्ही तिच्यावर चार दुपारी घालवल्या आणि त्या चार दुपारी संपूर्ण सुट्टीतल्या सर्वांत चांगल्या होत्या.

या गेमचे मोल मला इतके का वाटले, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. माझ्या पिढीने नागपुरात व्हिडिओ गेम पाहिला तो टीव्हीला जोडायच्या यंत्रावर आणि ज्याला सगळे ‘कॅसेट’ म्हणत त्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यावर. त्यावर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे, पण सोबत कागदाचा एक कपटाही नसे, त्यामुळे कोणते बटण कशाचे हे गल्लीतल्या मोठ्या मुलांकडून शिकावे लागे. खरे मॅन्युअल माझ्या हाती आले ते संगणक घरी आल्यावर. बाबांनी सीताबर्डीतून ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग डब्यासह आणला होता. प्रतापनगरला परतताना बसमध्ये मी पुस्तिका उघडली आणि घर येईपर्यंत वाचत राहिलो. तिच्याबरोबर घडीचा एक मोठा तक्ता होता, ज्यावर कोणत्या इमारतीतून कोणते सैनिक आणि कोणती विद्या मिळते ते छापलेले होते. तो मी टाचण्यांनी भिंतीवर लावला. ‘सीज’ हा शब्द अडला तेव्हा बाबा म्हणाले, “सीज म्हणजे वेढा. पन्हाळ्याला पडला होता तो.” त्यानंतर त्या खेळातली दगडफेकी यंत्रे मला वेगळीच दिसू लागली. संगणक रोज एकच तास मिळत असे. उरलेल्या दिवसात खेळ त्या पुस्तिकेत आणि भिंतीवरच्या तक्त्यात चालू राही.

पुस्तिका आणि डबा कधीकधी खेळाचा भागच असत. १९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या संगणकावरील आवृत्तीत मॅन्युअलमधल्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचे पहिले अक्षर विचारले जाई आणि त्या अक्षराची कुपी राजपुत्राने प्यावी लागे. चोरून नक्कल करणाऱ्यांना अडवण्याचा तो उपाय होता. १९९८ च्या ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये एका पात्राशी संपर्क साधण्यासाठी लागणारी वारंवारता, १४०.१५, सीडीच्या डब्याच्या मागच्या बाजूला एका चित्रात छापली होती. ज्यांच्याकडे पांढऱ्या पाकिटातली नुसती सीडी होती, त्यांना एकेक आकडा फिरवून पाहावा लागे. १९९० च्या ‘स्टारट्रॉपिक्स’बरोबर तर एक पत्र येई, आणि ते पाण्यात बुडवले की त्यावर ७४७ हा आकडा उमटे. या तिन्ही युक्त्या पडद्याबाहेरच्या एखाद्या वस्तूवर विसंबून होत्या. ‘ट्युनिक’ने तीच वस्तू पडद्याच्या आत नेली आहे. तिच्या पानांची रचना, त्यातली चित्रे, कागदाचा जुनेपणा हे सारे त्या काळच्या छापील पुस्तिकांना इतके जवळचे आहे की पान उघडताना माझा हात आपोआप पुढे होई.

छापील पुस्तिका एका दिवसात नाहीशा झाल्या नाहीत. आधी त्या रंगीतच्या काळ्या-पांढऱ्या झाल्या, मग दोन-चार पानांच्या झाल्या आणि त्या पानांत सुरक्षेच्या सूचनाच अधिक असत. २०१० मध्ये युबिसॉफ्टने पर्यावरणाचे कारण देऊन कागदी मॅन्युअल बंद करण्याचे जाहीर केले, आणि इतर मोठे प्रकाशकही त्याच वाटेने गेले. कागद वाचला हे खरे, आणि छपाईचा खर्चही वाचला. शिवाय गेम बाजारात आल्यावरही बदलत राहू लागले, तेव्हा महिनाभर आधी छापलेली माहिती शिळी होऊ लागली. मात्र पुस्तिकेच्या जागी जे आले, ते मला पुरेसे वाटत नाही. आता खेळ दर दोन मिनिटांनी थांबून चौकटीत सांगतो की हे बटण दाबा. आपण दाबतो आणि पुढच्या आठवड्यात विसरतो, कारण परत जाऊन वाचण्याजोगे पान कुठे नसते.

‘ट्युनिक’मधल्या त्या मॅन्युअलचे इतके कौतुक केल्यावर हेही नोंदवले पाहिजे की आमच्याकडची प्रत डिजिटल आहे. खात्यावर पैसे भरले, गेम उतरला आणि झाले. त्याची डिस्कची आवृत्ती निघाली आहे हे ठाऊक होते, म्हणून आधी मी मोदी नंबर तीनच्या गल्लीत आणि सदरमध्ये चौकशी केली, पण लहान प्रकाशकांचे गेम आपल्याकडच्या दुकानांत क्वचितच येतात. बर्डीतल्या एका दुकानात, जिथे मी वर्षानुवर्षे जुन्या डिस्क देऊन दुसऱ्या घेत आलो आहे, मालकांनी समजावून सांगितले, “भाऊ, पुस्तक येणं तर कधीचंच बंद झालं. आता फक्त डबा येते. त्यात डिस्क आहे की नुसता कोड, तेवढं पाहून घेत जा.” त्यांचा सल्ला योग्य आहे. २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ च्या काही गेमकार्डांत गेम नसतोच, फक्त तो उतरवून घेण्याची परवानगी असते. प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये डिस्कची खाच नाही, ती वेगळी विकत घ्यावी लागते.

डिजिटल विक्रीने मला फायदाही दिला, हे मी नाकारणार नाही. ती नसती तर हा गेम नागपुरात माझ्या घरी पोचलाच नसता, आणि इतक्या थोड्या माणसांनी केलेला खेळ जगभर जाणेही अवघड झाले असते. परंतु खात्यावरचा गेम आपल्या मालकीचा असतो हा समज चुकीचा आहे. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या यंत्रांची ऑनलाइन दुकाने मार्च २०२३ मध्ये बंद केली, त्यानंतर तिथे नवे काही विकत घेता येत नाही. मार्च २०२४ मध्ये ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर, म्हणजे तो इंटरनेटवरून चालवणारे कंपनीचे संगणक, बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला तो गेम, डिस्क असूनही, चालेनासा झाला. यावरून हेही दिसते की डिस्क म्हणजे सर्वच बाबतींत हमी नव्हे. ‘ट्युनिक’ला मात्र खेळण्यासाठी कोणत्याही सर्व्हरची गरज नाही, त्यामुळे त्याची डिस्क हाती असली तर ती यंत्र चालेल तोवर उपयोगी पडेल. मिळाली असती, तर मी जादा पैसे देऊनही तीच घेतली असती.

गेममध्ये उणिवा आहेत. लढाया कठीण आहेत, आणि मोठ्या शत्रूंपाशी मुलीचा धीर सुटला. पर्यायांमध्ये कोल्हा मरणारच नाही अशी सोय आहे, ती आम्ही दोनदा वापरली आणि त्यात मला काही गैर वाटले नाही, कारण या गेमचा खरा आनंद लढाईत नाही. कॅमेरा सारे एकाच कोनातून दाखवतो, त्यामुळे भिंतींमागच्या वाटा लपतात. बहुतेक ठिकाणी हे जाणूनबुजून केले आहे, तरी तीन-चार वेळा केवळ दिसले नाही म्हणून अर्धा तास गेला. टीव्हीपासून लांब बसल्यास मॅन्युअलमधला बारीक मजकूर वाचता येत नाही आणि दरवेळी पान मोठे करावे लागते. शेवटची काही कोडी इतकी गूढ आहेत की एक आम्हाला सुटलेच नाही आणि मला त्याचे उत्तर इंटरनेटवर शोधावे लागले. त्या संध्याकाळी मुलगी माझ्यावर रागावली होती आणि तिचा राग रास्त होता.

ज्यांना सलग मारामारी किंवा कथा हवी आहे, त्यांना मी हा गेम सुचवणार नाही. ज्यांच्या घरी आठ-दहा वर्षांपुढचे मूल आहे आणि ज्यांची शेजारी बसून एका चित्राकडे वीस मिनिटे पाहण्याची तयारी आहे, त्यांनी तो अवश्य घ्यावा. जवळ एक वही ठेवावी, शक्यतो चौकटीची. आमच्या वहीत बाराखडी आहे, हाताने काढलेले नकाशे आहेत, चुकलेले तर्क आहेत, आणि कोणत्या पुतळ्यापुढे काय ठेवायचे त्याची यादी आहे. वर्ध्याहून आलेल्या मुलीच्या मावसभावाला ती पाहून हा गेम खेळावासा वाटला. आमचा गेम आमच्या खात्याला बांधलेला असल्यामुळे त्याच्या हाती देता येईल असे काही नव्हते आणि त्याच्या आईबाबांनी तो नव्याने विकत घेतला. वही मात्र तो घेऊन गेला. देण्यापूर्वी मुलीने बाराखडीची पाने स्टेपल करून बंद केली आणि त्यांवर लिहिले, “आधी स्वतः प्रयत्न कर.”