'ओन्ली'साठी काय घ्यावं: फक्त, केवळ, नुसता की च?

इंग्रजी मजकूर मराठीत आणताना 'ओन्ली' दिसला की हात सवयीने 'फक्त'कडे जातो. माझं मत वेगळं आहे: आधी 'च' बसतो का ते पाहावं.

'आय ओन्ली टोल्ड हर' हे वाक्य कागदावर दोन अर्थांचं आहे. तिलाच सांगितलं, की नुसतं सांगितलं, पुढे काही केलं नाही? बोलणाऱ्याचा जोर ऐकल्याशिवाय कळत नाही. 'च' मात्र ज्या शब्दाला चिकटतो त्याचाच होतो. 'मीच तिला सांगितलं' आणि 'मी तिलाच सांगितलं' यांत गफलत होऊच शकत नाही. 'ओन्ली यस्टर्डे'ला तर 'कालच' इतकं पुरतं. 'फक्त काल' म्हटलं तर अर्थच बदलतो.

पण 'च'ला दुसरी बाजू आहे. 'मी तिला सांगितलंच' यात मर्यादा नाही, ठामपणा आहे. आपल्याकडच्या इंग्रजीत 'तिथेच आहे'चं 'देअर ओन्ली' होतं, तेही या ठाम 'च'मुळेच.

म्हणून पाटी, औषधाचं वेष्टन, अर्ज यांवर 'फक्त' घ्यावा. 'फक्त बाह्य वापरासाठी' वाचताना कुणी अडखळत नाही. अरबीतून आलेला हा शब्द आता पुरता घरचा झाला आहे. 'घर छान आहे, फक्त जरा लांब आहे' असा 'पण'च्या जवळ जाणारा 'ओन्ली'ही तो पेलतो. 'फक्त दोनच' हे बोलण्यात चालतं. लिहिताना मी दोघांपैकी एक काढते.

'केवळ' जरा भारदस्त. कारण सांगताना तो शोभतो: केवळ तुझ्यामुळे. मात्र 'केवळ अशक्य' म्हणजे अगदी अशक्य, हे विसरू नये. 'नुसता'मध्ये उणीव किंवा नाराजी येते. नुसता भात म्हणजे वरणाशिवायचा, आणि 'नुसता बसून असतो' हे कौतुक नव्हे. 'मात्र' हा शब्द 'ओन्ली'च्या अर्थाने पावतीवरच्या 'अक्षरी रुपये पाचशे मात्र' अशा ठिकाणी राहिला आहे. इतरत्र वाचक त्याचा 'पण' करतो.

काही वेळा यातला एकही शब्द नको. 'ओन्ली चाइल्ड' म्हणजे एकुलतं एक मूल. 'इफ ओन्ली ही हॅड कम'साठी 'तो आला असता तर!' एवढंच. आणि 'द शॉप ओन्ली ओपन्स ॲट टेन' मी असं लिहीन: दुकान दहाशिवाय उघडत नाही.