जेम पोर्टलवर मांजरपाटाच्या पिशव्या विकताना

सरकारी कार्यालयांना माल द्यावा असं मनात असलेल्या बायकांसाठी हे लिहितेय. इचलकरंजीत आमचं लहानसं शिलाई युनिट आहे. मांजरपाटाच्या पिशव्या, प्रशिक्षणात वाटतात त्या कापडी फायली, कधीमधी एप्रन. 2016 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या जेम पोर्टलवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारात, आम्हीही विकतो.

नोंदणीला फी नाही. उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग नोंदणीचं), पॅन, बँक खातं असं किडुकमिडुक जमवलं की दुकान उघडतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना बयाणा रक्कम, म्हणजे दर भरताना ठेवायची अनामत, माफ आहे, आणि सगळं भांडवल ताग्यांत अडकलेलं असताना ही सवलत खरंच उपयोगाची. 2019 मध्ये 'वुमनिया' आलं, त्यात महिला उद्योजकांचा माल वेगळा दिसतो. शिवाय केंद्राच्या मंत्रालयांनी आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला 25 टक्के माल सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा, त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून, असं धोरण आहे. 3 टक्क्यांना हसणारे भेटतात. मी हसत नाही, त्या आकड्यामुळे निदान आमचं नाव यादीत शोधलं जातं. फक्त हा फायदा स्वतः माल बनवणाऱ्यांना, घेऊन विकणाऱ्यांना नाही.

खरी गंमत एल-वनची, म्हणजे सगळ्यात कमी दराची. एल-वन सूक्ष्म-लघु नसलेल्या उद्योगाचा निघाला आणि आपला दर त्याच्या 15 टक्क्यांच्या आत असला, तर त्याच्याच दराला 25 टक्के माल द्यायची संधी मिळते. ऐकायला छान. पण एका कार्यालयाच्या बिडमध्ये, म्हणजे ऑनलाइन निविदेत, नुसतं 'इको फ्रेंडली बॅग' लिहिलं होतं. नॉन-वोवनवाले उतरले. ती पिशवी हाताला कापडासारखी लागते, पण असते पॉलिप्रॉपिलिन, प्लास्टिकच. 60 जीएसएम (चौरस मीटरला 60 ग्रॅम वजन) किंवा त्याहून जाड असली की केंद्राच्या प्लास्टिक नियमात बसते. त्या दरात आम्हाला कापडसुद्धा येत नाही, शिलाई तर सोडाच. 15 टक्क्यांच्या आत यायचं कुठून? महिला म्हणून मिळालेली सवलत तिथं कुचकामी ठरली, आणि पर्यावरणाच्या नावाखाली प्लास्टिक विकलं गेलं.

उलट दुसऱ्या एका कार्यालयातल्या बाईंनी तपशिलात स्पष्ट लिहिलं होतं: शंभर टक्के सुती, न रंगवलेलं कापड, हँडलला दुहेरी शिलाई, प्रत्येक नगाला वेगळी प्लास्टिक पिशवी नको. आणि माल एकदम न मागता तीन हप्त्यांत. उलाढाल आणि अनुभवाच्या अटीतून सूक्ष्म-लघु उद्योगांना सूट 'होय' केलेली. कुणावर मेहेरबानी नव्हती, दर आम्हाला लढवूनच द्यावा लागला. पण स्पर्धा सुती पिशवी शिवणाऱ्यांमध्ये झाली आणि ऑर्डर मिळाली. हप्ते होते म्हणून रात्रपाळी लागली नाही. आमच्याकडच्या निम्म्या जणींना संध्याकाळी सातनंतर घराबाहेर थांबता येत नाही, हे कुठल्या बिडमध्ये लिहिणार? म्हणून बिड उघडलं की मी आधी तपशील वाचते, सवलतींचा रकाना नंतर.

पैशांचं सांगते. माल स्वीकारल्याचं प्रमाणपत्र ऑनलाइन निघालं की दहा दिवसांत पैसे, असा नियम. ते प्रमाणपत्र काढणारा माणूस मात्र स्टोअरमध्ये बसतो. एका ठिकाणी आमचे गठ्ठे 'साहेब रजेवर आहेत' या कारणाने पडून राहिले. कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. पण पुढच्या वर्षी त्याच दारात माल घेऊन जायचं असतं, त्यामुळे तक्रारीचा फॉर्म अर्धा भरून मी बंद केला.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापला तो 'इको फ्रेंडली' एवढ्या मोघम शब्दावर बिड निघू शकतं म्हणून, आणि एक अख्खा, दर सोडून कशालाच गुण नाहीत म्हणून. नव्याने येणाऱ्यांनी पहिली ऑर्डर लहान घ्या, दरात वाहतूक धरा (गठ्ठे चढवण्या-उतरवण्याची हमालीसुद्धा), आणि कॅटलॉगच्या फोटोत शिलाई जवळून दाखवा. ते तपशील लिहिणाऱ्या बाई तोच फोटो बघून जीएसएम विचारायला लागल्या होत्या.